खिडकीखालचा आवाज

रहाटणीतल्या त्या सोसायटीत विजयश्रीचा फ्लॅट तळमजल्यावर, बागेला लागूनच होता. नवरा ज्योतीराम चाकणच्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि दुपारी त्याचा डोळा लागतो न लागतो तोच बागेत मुलांचा दंगा सुरू व्हायचा. विजयश्री खिडकीत येऊन ओरडायची. मुलं बरीच असायची, तिचा गणराजही त्यांत असायचा, पण ती नाव घ्यायची ते साक्षी आणि मैत्रीचं. दुसऱ्या मजल्यावरच्या केसरबाईंच्या या नाती. त्या घरात बुद्धमूर्ती आहे हे कळल्यापासून विजयश्रीनं गणराजला तिकडे काही खायचं नाही अशी ताकीद दिली होती. कारण मात्र सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की काही घरच्या मुलींना वळण नाही, आजही त्यांनी झोपू दिलं नाही. कोणत्या मुली, असं कुणीतरी विचारलं तेव्हा नावंही टाकली.

रविवारच्या मीटिंगमध्ये चेअरमन मारुतरावांनी विषय काढला. केसरबाई उठल्या. मुली सोमवारपासून कुरुळीला मामाकडे आहेत, एवढंच त्यांनी सांगितलं.

सगळे विजयश्रीकडे बघू लागले. ती म्हणाली, आवाज तर झालाच होता. तिनं आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं.

ज्योतीराम खाली मान घालून म्हणाला, "शुक्रवारी आपला गणराज ओरडत होता. मी उठून बघितलं होतं."

केसरबाईंचा आवाज चढला नाही. "मग माझ्याच पोरींची नावं कशी आली, ताई?"

उत्तर विजयश्रीला ठाऊक होतं. ते चारचौघांत तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. जमलेल्यांनाही ते कळलं असावं, कारण पुन्हा कुणीच तिला विचारलं नाही.

संध्याकाळी ती वर गेली. केसरबाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, की बोलणी पोरींनी खाल्लीत, त्यांच्याशीच बोला.

मुली परतल्यावर विजयश्री बागेत गेली. दोघी झोपाळ्यापाशी उभ्या होत्या. तिला येताना पाहून मैत्री बहिणीच्या मागे सरकली. माझं चुकलं, तुम्हाला उगाच बोलले, असं विजयश्री दोघींना म्हणाली.

साक्षीनं तिला धीर दिल्यासारखं सांगितलं, "काकू, आम्ही हळूच खेळतो. तुमच्या खिडकीजवळ तर आम्ही बोलतच नाही. आजीनं सांगितलंय."

विजयश्रीला तिच्याकडे बघवेना. मोठ्यानं खेळा गं, असं ती कसंबसं म्हणाली आणि घरात आली.

थोड्या वेळानं लपंडाव रंगला. गणराज आणि बाकीची मुलं घसा ताणून ओरडत होती. साक्षी आणि मैत्री तेवढ्या ओठ मिटून पळत होत्या. विजयश्रीनं ज्योतीरामला चहाला उठवलं आणि खिडकी उघडीच ठेवली.