अंगण वाकडं

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला जो वजनदार लोलक टांगतात, त्यावरून पडलेलं नाव. तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवून बसवून या माणसाला वाकडं काही बघवेनासं झालं होतं. कुणाकडे गेला तर आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचा, मग पाण्याच्या पेल्याला हात लावायचा.

लोकांची घरं उरकता उरकता दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या घरात फरशी घातली. काळी, सात आठवडे घोटून आरसा केलेली. गिऱ्हाइकांना मुद्दाम घरी आणून म्हणायचा, "वाका, तोंड बघा." लोक वाकायचे, तोंड बघायचे. तोंड बहुतेकांना आवडायचं नाही, फरशी मात्र आवडायची. बायकोबद्दल त्याची एकच तक्रार होती, ती भिंतीला हात लावत चालायची. त्यामुळे कमरेच्या उंचीवर खोलीभर मळकट पट्टा उमटायचा. त्यानं दोनदा रंग दिला. "भिंत काय पळून चाललीय, धरून ठेवायला?" असं तो विचारायचा. बायको "हो ना" म्हणायची आणि पुढे जायची, भिंत धरूनच.

गेल्या वर्षी ती घसरून पडली तेव्हा मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. ओळंब्यानं तिला उचललं, खुर्चीत बसवलं, आणि मग गुडघे टेकून फरशीला तडा गेलाय का ते तपासलं. नव्हता गेला. "नशीब!" तो म्हणाला. कुणाचं, ते बायकोनं विचारलं नाही.

तर अशा घरात ते पिल्लू आलं. कामाच्या जागी फरश्यांच्या थप्पीमागे मांजर व्याली होती. तीन पिल्लं तिनं मानगुटीला धरून हलवली, चौथं ठेवून गेली. ओळंब्यानं दोन दिवस वाट बघितली, आईला चार शिव्या हासडल्या आणि पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

जमिनीवर ठेवलं तर ते डावीकडे निघालं आणि उजवीकडे पोचलं. पाय फाकलेले, मान लटलटतेय. खाण्याच्या ताटलीवर नेम धरून तोंड घातलं ते ताटलीच्या पलीकडे जमिनीवर आपटलं.

"अहो, याला काहीतरी झालंय," बायको म्हणाली.

ओळंबा पांढराफटक पडला. पिल्लाकडे न बघता तो पाणसळ आणायला धावला. पालथा पडून त्यानं अख्खी खोली तपासली. काचेच्या नळीतला बुडबुडा प्रत्येक वेळी बरोब्बर मध्ये. मग गोटी ठेवून बघितली. गोटी जागची हलली नाही.

"फरशी ठीक आहे," त्यानं निःश्वास सोडला. "हाच ओळंब्यात नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! बेवडा आहे नुसता."

बेवडा हेच नाव पडलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहूनही घेतलं, हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की मेंदूचा तोल सांभाळणारा भाग जन्मापासूनच लहान राहिलाय. दुखत नाही, वाढणार नाही आणि बरंही होणार नाही.

"म्हणजे दुरुस्ती नाही?" ओळंब्यानं विचारलं.

"नाही. पण आपापलं खाऊ लागला, आपापला मातीच्या ट्रेपर्यंत जाऊ लागला, तर मजेत जगेल. नाही जमलं, तर दिवसभर कुणीतरी हाताशी हवं."

तिथंच घोडं पेंड खात होतं. पंधरा दिवसांनी बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी जाणार होती, तीन महिने. ओळंबा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. म्हणजे बेवड्याला पंधरा दिवसांत खाण्यापर्यंत चालत जाणं जमायला हवं, नाहीतर तो भरल्या ताटलीपासून चार हातांवर उपाशी मरणार. बायको रोज त्याला मांडीवर घेऊन भरवायची आणि म्हणायची, "शीक रे बाबा, माझी गाडी सुटेल."

ओळंबा कामाला लागला. ताटली सरकते म्हणून त्यानं ती सिमेंटनं जमिनीला बसवून टाकली, अगदी लेव्हलमध्ये. बेवड्यानं त्यात कपाळमोक्ष करून घेतला. मग ताटली उपटून कोपऱ्यात विटेवर ठेवली, अंगाला भिंतीचा टेकू मिळावा म्हणून. हे जमलं. तोंड ताटलीत पडू लागलं. पण कोपऱ्यापर्यंत जाणं काही जमेना. सतरंजी अंथरली तर सतरंजीच त्याला घेऊन दारापर्यंत घसरत गेली. दहा दिवस गेले. ओळंबा कामावर फरश्या बसवता बसवता थांबायचा आणि तीस वर्षांत प्रथमच त्याचा एक सांधा चुकला. त्याला भीती वाटत होती. मांजराच्या पिल्लासाठी भीती वाटते हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो सगळ्यांवर खेकसत होता.

अकराव्या दिवशी बायकोनं कपडे धुताना बेवड्याला मागच्या दारी खडबडीत दगडावर सोडलं. ओळंबा दारात उभा होता. बेवडा डुलला, कलला, नखं रोवली, आणि गेला. पडला फक्त एकदा. बादलीपर्यंत पोचून त्यानं बादलीला टक्कर दिली आणि विजयी मुद्रेनं खाली बसला.

ओळंबा आत आला. फरशीकडे बघितलं. फरशीत त्याचं तोंड दिसत होतं आणि त्या तोंडाला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यानं छिन्नी-हातोडी काढली. बेवड्याच्या झोपायच्या खोक्यापासून ताटलीपर्यंत आणि तिथून ट्रेपर्यंत त्यानं दोरी ताणली, आणि जात्याला टाकी लावून खडबडीत करतात तसा दोन वीत रुंद पट्टा ठोकायला सुरुवात केली. पहिला घाव घालताना डोळे मिटले. मग मिटले नाहीत. दुपारपर्यंत सात आठवड्यांच्या आरशातून एक राखाडी, खरबरीत, कुरूप वाट गेली होती. बेवडा तिच्यावरून डुलत गेला, दोनदा कोलमडला, उठला आणि ताटलीत तोंड खुपसलं. "खा, लेका," ओळंबा म्हणाला. त्याचा आवाज फुटला, तो त्यानं धुळीवर ढकलला.

तेवढ्यात बायको आली. दारातच थांबली. मग पिशव्या दोन्ही हातांत घेऊन त्या पट्ट्यावरून चालत गेली, खोलीच्या मधोमध. भिंत धरली नाही. शेवटाला जाऊन वळली.

"दोन वर्षं झाली मला या खोलीची भीती वाटतेय," ती म्हणाली. "पडले, हात मोडला, भिंतीला धरून धरून चालले. हा आला आणि बारा दिवसांत तुम्ही फरशी फोडलीत. मी काय म्याव म्हणायला हवं होतं?"

ओळंब्यानं भिंतीवरच्या मळकट पट्ट्याकडे बघितलं. तो कुठे कुठे जातो हे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं. पलंगापासून निघून मोरीपर्यंत, मोरीपासून चुलीपर्यंत. दोनदा रंगवून त्यानं तो पुसला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून इतके क्वचित निघायचे, की बेवड्यानंही मान वर केली, आणि मान वर केल्यामुळे पडला.

मग ओळंब्यानं खिशातून खडू काढला. "चालून दाखव. पलंगापासून. तुला सोयीचं पडेल तसं."

"आता? माझं सामान भरायचंय."

"आता. तुझी गाडी तीन दिवसांनी आहे."

ती चालली. डावा गुडघा दुखरा, म्हणून टेबलाला लांबचा वळसा घेत, मोरीशी किंचित आत वळत. तिच्या मागे तो रांगत होता आणि पावलापावलाला खडूची खूण करत होता. रेघ झाली ती वाकडीतिकडी. तिनं मागे वळून बघितलं आणि तिला हसू आलं. "आणा तुमची दोरी, करा सरळ."

दोरी हाताशीच पडली होती. त्यानं ती उचलून खिशात घातली आणि वाकड्या रेघेवर छिन्नी ठेवली.