फिल्टरचा अंगारा

या, असे जवळ सरका. त्या खांबाला टेकलेल्या पावण्यांनाही थोडी सतरंजी द्या. बुवांची गाडी अजून वाटेत आहे, कीर्तनाला अवकाश आहे, तोवर एक चमत्कार सांगतो. चमत्कार म्हणजे काय, तर नारायणगावच्या भर बाजारात एक एअर फिल्टर आपोआप पेटला. काडी नाही, लायटर नाही. माणसांची ही गर्दी! आणि त्या गर्दीच्या पुढच्याच रांगेत आमच्या बोरी बुद्रुकचा सावळेराम, तोंडाचा आ करून.

सावळेराम म्हणजे टोमॅटोवाला, पिकअपवाला आणि टाळकरी. सकाळी पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट, संध्याकाळी त्याच पिकअपमध्ये भजनी मंडळ. जुन्नर-आंबेगावात सप्ताह कुठंही असो, याची गाडी देवळामागं उभी दिसणारच. कीर्तनात द्रौपदीनं कृष्णाला हाक मारायचा अवकाश, की याचा टॉवेल डोळ्यांना. असा रडवा, गोड माणूस.

तर त्या दिवशी क्रेट उतरवून तो बाजारात शिरला, तो पुढं मांडव. बायपासवर निळ्या काचेचं जे गाड्यांचं शोरूम आहे, त्यांनी तो घातला होता. स्टेजवर त्या शोरूमचे सुभाषसर. गळ्यात टाय, कपाळाला अष्टगंध आणि हातात माईक.

"मंडळी, एअर फिल्टर म्हणजे काय? गाडीचं नाक! धूळ अडवणारी ही कागदाची घडी. ती खोटी असली तर गाडीच्या पोटात काय जातं? मृत्यू! आता बघा. डाव्या ताटात बाहेरचा स्वस्तातला फिल्टर. उजव्या ताटात आमचा ओरिजिनल. आणि या गडूत आहे सत्यद्रव! डायरेक्ट जर्मनी! हे खऱ्याला ओळखतं आणि खोट्याला सोडत नाही. माझ्याबरोबर मनापासून म्हणा, ओरिजिनल!"

"ओरिजिनल!" बाजार गरजला.

"आवाज आला नाही!"

"ओरिजिनल! ओरिजिनल!"

सरांनी दोन्ही फिल्टरवर धार धरली. उजवा नुसता ओला झाला. डाव्यातून आधी बारीक धूर निघाला, मग चुर्र झालं आणि भक्कन जांभळट जाळ उठला.

"आरं बाबौ!" सावळेराम दोन पावलं मागं सरला. एका आजीबाईनं हात जोडले.

"पाहिलंत? खोटा जळतो, खरा हसतो! भाऊ, घरी लेकरं वाट बघतात तुमची! पुढच्या वेळी बाहेरचा पार्ट घेताना हा जाळ आठवा!"

इथवर सगळं सरांच्या मनासारखं झालं. पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. आपल्याकडच्या माणसाला जाळ दिसला आणि जाळाखाली राख दिसली की त्याचा हात आपोआप पुढं जातो. लोक स्टेजवर चढलेच.

"अहो, मागं व्हा! हात लावू नका! केमिकल... म्हणजे, गरम आहे! गरम!"

ऐकतो कोण? सावळेरामनं ताटाच्या कडेची चिमूटभर राख उचलली, कपाळाला टेकवली आणि पानाच्या कागदात पुडी बांधून खिशात घातली. अंगाराच तो. गाडीच्या बॉनेटला लावायला होईल.

आता या चमत्काराचा घाव कुणावर बसला ते ऐका. एसटी स्टँडजवळ रामनाथचं स्पेअर पार्टचं दुकान. हा रामनाथ बोरीचाच, सावळेरामचा लहानपणापासूनचा दोस्त आणि मंडळाचा पखवाजी. त्याच्या बोटांशिवाय काल्याचं कीर्तन उभं राहिलेलं गावानं पाहिलेलं नाही. बाजारातला जाळ बघून लोक थेट त्याच्या दुकानात गेले. कुणी फिल्टर काउंटरवर आपटला, कुणी ब्रेकचे लायनर.

"लोकांच्या गाड्या जाळतो व्हय रं?"

त्यात गावचा सप्ताह तोंडावर. सप्ताह कमिटीचे प्रमुख गेणभाऊ. मोठे बागायतदार, शब्दाला वजन. त्यांनी शोरूममधून ओरिजिनल फिल्टर आणून जीपला बसवला आणि त्याचा रिकामा खोका डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हारही घातला. गणपतीला छोटा, खोक्याला मोठा.

देवळात बैठक भरली, तेव्हा गेणभाऊ म्हणाले, "ज्याचा माल जळतो, त्याचा हात देवाच्या पखवाजावर नको. दुसरा वाजवणारा बघा. आन् काल्याच्या दिवशी सकाळी सुभाषसरांना बोलवू. समद्या गावाला परयोग दाखवतील, आपुन सत्कार करू."

रामनाथ कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, दुकानाचं काय व्हायचं ते व्हवू द्या. पर चोर म्हणून मला देवापुढून उठवू नका."

गेणभाऊ सावळेरामकडं वळले. "तू पुढं व्हतास ना रं? तूच सांग. जळाला का न्हाई?"

सावळेराम रामनाथकडं न बघता म्हणाला, "जळाला, भाऊ. म्या डोळ्यांनी पाह्यला."

बाहेर पडताना रामनाथनं त्याला गाठलं.

"सावळ्या, तो फिल्टर माझ्या दुकानातला व्हता?"

"बाहेरचा व्हता."

"बाहेर लई मोठं असतं गड्या." एवढंच बोलून तो चालू लागला.

सावळेरामला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. सकाळी उठला आणि मनाला बरं वाटावं म्हणून अंगाऱ्याची पुडी काढली. गाडीवर शिंपडायला तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यात पुडी मोकळी केली. अन् काय सांगू मंडळी! पाणी जांभळंगर्द!

"अगं, बाहेर ये! दुसरा चमत्कार झाला!"

झुंबरबाई, त्याची बायको, कणकेच्या हातानं धावत आली. "अवो, माझा पितळी तांब्या! काय रंग कालवला ह्यात?"

"रंग न्हाई, अंगारा हाये!"

ओट्यावर इंद्रायणी चहा पीत होती. ही सावळेरामची भाची. पारगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, सप्ताहाला मामाकडं आलेली. तिनं तांब्यात डोकावून पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"मामा, मागच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीनं विहिरीत काय टाकलं होतं?"

"ते जांभळं औषिद. पोटॅश का कायतरी."

"त्याचा रंग असाच होता ना?"

सावळेरामनं तांब्यात बोट बुडवून पाहिलं.

"आणि त्या सरांचं ते जर्मन तीर्थ कसं पडत होतं? पाण्यासारखं, का पाकासारखं?"

"पाकासारखं. तार धरून."

"मामी, तुझी टाचांना लावायची बाटली कुठंय गं? ग्लिसरीनची?"

इंद्रायणीनं अंगणात फरशीवर जुन्या फिल्टरचा तुकडा ठेवला. शेजारी मातीची बादली घेतली आणि मामा-मामीला लांब उभं केलं. घरात उरलेल्या विहिरीच्या औषधाचे चार दाणे कागदाच्या घडीत टाकले, वर ग्लिसरीनचे थेंब सोडले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग धूर, मग तोच जाळ.

"दाणे आधीच घडीत लपवलेले असतात मामा. ही दोन औषधं एकत्र आली की तापतात आणि पेटतात, पण जरा वेळ लागतो. तो वेळ भरून काढायला तुमच्याकडून ओरिजिनल, ओरिजिनल म्हणून घ्यायचं. ताटाच्या कडेला न जळलेले दाणे सांडले, ते तुम्ही अंगारा म्हणून घेऊन आलात."

सावळेरामनं कपाळावर हात फिरवला. "म्हंजी देव नव्हताच तिथं?"

"होता की! राख उचलायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली? नाहीतर हा पुरावा मिळाला असता का?"

हे मात्र सावळेरामला एकदम पटलं. तो चपला घालून गेणभाऊंकडं निघालाच. इंद्रायणीनं अडवलं. "सांगून नाही पटायचं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, आता डोळ्यांनीच उलटं पाहू द्या."

काल्याच्या दिवशी सकाळी देवळापुढं गाव जमलं. सुभाषसर टाय लावून आले, गाडीत विकायला ओरिजिनलचे खोकेही भरून आले. ताटं मांडली, गडू ठेवला. पिशवीतून त्यांनी आपला तो 'बाहेरचा' फिल्टर काढला, तेवढ्यात इंद्रायणी पुढं झाली.

"सर, ताट तुमचं, गडू तुमचा, सत्यद्रवही तुमचं. फक्त बाहेरचा फिल्टर आमचा वापरा. मी म्हटलं, गावचाच फिल्टर जळताना दिसू दे, म्हणून गेणभाऊंनी आत्ता स्वतः रामनाथमामांच्या दुकानातून आणलाय. सील फोडलेलं नाही."

"अहो मॅडम, माझ्याकडं आहे ना!"

गेणभाऊंच्या भुवया वर गेल्या. "सर, खोट्याला जळायचंच हाये, तर आमचा जळंल. त्याला काय व्हतंय?"

सरांचा इलाज खुंटला. त्यांनी धार धरली. "म्हणा, ओरिजिनल!"

"ओरिजिनल!"

काही नाही.

"जोरात!"

"ओरिजिनल! ओरिजिनल! ओरिजिनल!"

"सर," मागून कुणीतरी ओरडलं, "त्याची आंघोळ झाली, आता टॉवेल द्या!"

गाव खदखदलं. सर घाम पुसत म्हणाले, "आज हवेत दमटपणा आहे. आणि श्रद्धा कमी पडतीय."

"श्रद्धा?" आता सावळेराम पुढं आला. अख्ख्या आयुष्यात तो कुणावर इतका चिडला नव्हता. "सर, श्रद्धेचं मला सांगू नका. म्या तुमची राख कपाळाला लावली हाये! इंदू, दाखव."

इंद्रायणीनं सरांचाच ओरिजिनल फिल्टर घेतला. विहिरीच्या औषधाचे दाणे सगळ्यांना दाखवून त्याच्या घड्यांत टाकले, पोरांना मागं हटवलं आणि गडूतलं उरलेलं सत्यद्रव वर सोडलं. सावळेरामनं टाळ वाजवल्यासारखे हात वर केले. "म्हणा मंडळी, वरिजिनल!"

गाव हसत हसत म्हणालं, आणि हसता हसता ओरिजिनलमधून भक्कन जाळ उठला.

मग मात्र कुणी हसेना. इंद्रायणीनं जाळावर माती टाकली आणि दोन औषधांचा खेळ उलगडून सांगितला. झुंबरबाईनं ग्लिसरीनची बाटली उंच धरली. "जर्मनी कसली, नारायणगावच्या मेडिकलातली हाये!"

"आता एक ओरिजिनल खोका उघडा," इंद्रायणी म्हणाली, "आणि दोन्ही फिल्टरच्या रबरी कडेला काय लिहिलंय ते वाचा, गेणभाऊ."

गेणभाऊंनी चष्मा लावला. शोरूमचा वाचला, मग रामनाथचा वाचला, मग चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचले. "आरं, कारखाना एकच! नंबरबी त्योच!"

सगळे रामनाथकडं वळले. तो पारावर एकटा बसला होता. उठून आला, पण जवळ आला नाही.

"भाऊ, गाडीची कंपनी समदे पार्ट सोता बनवत न्हाई. असे कितीतरी दुसऱ्या कारखान्यातून घेती. त्योच कारखाना त्योच माल आपल्या नावानं बाजारात इकतो. शोरूमचा खोका चढला की किंमत दुपटीच्या वर जाती. आता बाजारात खोटा माल नसतोच, असं म्या म्हणणार न्हाई. लई हाये. म्हणून तर बनवणाऱ्याचं नाव बघा, नंबर जुळवा, पक्कं बिल मागा आन् बदललेला जुना पार्ट हातात घ्या. मला इचारा, शोरूमला इचारा. इचारायचं सोडू नका."

सुभाषसरांनी टाय सैल केला. "मला टार्गेट असतं हो," ते हळूच म्हणाले.

"आसंल," गेणभाऊ म्हणाले. "पर तुमच्या टार्गेटपायी आमचा मानूस देवापुढून उठत व्हता. ह्यापुढं हा खेळ कुठल्या बाजारात दिसला, तर आमी आन् ही मास्तरीण तिथं हजर. आता काल्याचा परसाद घ्या आन् जा. उपाशी कुणाला धाडत न्हाई आमी."

आणि सगळ्यांदेखत गेणभाऊंनी रामनाथपुढं हात जोडले. रामनाथनं ते धरले. सावळेराम जवळ जाऊन उभा राहिला. टॉवेल डोळ्यांशी होताच.

"राम्या, म्या नुसतं पाह्यलं रं. तपासलं न्हाई. आन् तुला तर इचारलंबी न्हाई."

रामनाथनं त्याच्या डोळ्यांवरचा टॉवेल ओढला. मग म्हणाला, "रडत काय बसलास? वैनीकडनं कणीक मळून आण. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची हाये. बुवा आलं की काय टाळ्या वाजवणार का नुसत्या?"

सावळेराम पळाला. अशी मऊ कणीक त्याच्या घरात त्याआधी कधी मळली गेली नसेल. काल्याचं कीर्तन उभं राहिलं, रामनाथची थाप पडली, आणि सावळेराम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रडत टाळ वाजवत होता.

तर मंडळी, देवाला मानणारी माणसं आपण. पण डोळे आणि अक्कल त्यानंच दिली, ती गुंडाळून ठेवली तर त्याचाच अपमान. कुणी चमत्कार दाखवला तर वस्तू आपल्या हातात मागा. उलटून पाहा, बदलून पाहा, पुन्हा करायला लावा. खरं असेल ते शंभरदा टिकेल. आणि समोरचा जाळ बघून एखाद्या जित्याजागत्या माणसाला खोटं ठरवायची वेळ आली, तर बोट उचलण्याआधी तेवढी एक कृपा करा. पारावर एकट्या बसलेल्या आमच्या रामनाथची आठवण ठेवा.