रानबदकं आणि बाबांचा बँड

वाटपताईचं काम ऐकायला सोपं होतं. शहरातल्या बागा, मैदानं, पोहण्याचा तलाव आणि मोठ्या बागेतला छताचा गोल चौथरा कुणाला कधी द्यायचा, एवढंच तिने ठरवायचं. पण शहर लहान, जागा मोजक्या आणि हौशी माणसं उदंड. ज्या हिरवळीवर सकाळी आज्या व्यायाम करायच्या, तिथेच दुपारी पोरं चेंडू बडवायची आणि संध्याकाळी कुत्री पाळणाऱ्यांची सभा भरायची. तरी कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नसे. उद्यान विभागाच्या भिंतीवर एक भलामोठा फळा होता आणि त्यावर ती एकेका गटाचा रंगीत चौकोन चिकटवायची. म्हणून ऑफिसात आणि गावातही सगळे तिला वाटपताईच म्हणत. नाटकवाल्यांनी आणि धनुर्विद्यावाल्यांनी एकाच बागेतली एकच वेळ मागितली, तेव्हा तिने नाटकवाल्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं, "शेवटच्या अंकात मरायचंय ना तुम्हाला? मग वेळ बदला. नाहीतर पहिल्याच अंकात मराल."

गावाचे तंटे सोडवणाऱ्या या ताईच्या डोक्याला त्या वर्षी एकाच चौकोनाने ताप दिला. तो चौकोन बाबांचा होता.

बाबांची सगळी नोकरी वाचनालयात गेली. उभा जन्म लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत ते जुन्या बाजारातून एक ट्रंपेट घेऊन आले आणि म्हणाले, "आता माझी पाळी." हौसेला मोल नाही आणि साथीदारही लगेच मिळाले. दातांच्या डॉक्टरांनी क्लॅरिनेट धरलं. शिंपीमामांनी स्वतःच्या पोटाएवढा भोंगा गळ्यात अडकवला. बेकरीवाल्या मावशींचे हात कणीक तिंबून तिंबून लोखंडासारखे झाले होते, त्यामुळे ड्रम आपोआप त्यांच्याकडे गेला. रीतसर अर्ज झाला, आणि रोज संध्याकाळी गोल चौथऱ्यावर या चौघांचा बँड वाजू लागला.

वाजू लागला म्हणजे काय, तर आवाज येऊ लागला. चौघं एकाच गाण्याला सुरुवात करत, पण शेवटाला वेगवेगळ्या दिशांनी पोहोचत.

बागेसमोरच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिका राहत. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून त्या सगळ्यांच्या 'बाई'. बाईंनी तक्रार केली. मग दुसरी केली. विभागाचा नियम असा, की तिसरी तक्रार आली की जागा काढून घ्यायची. तिसरी आली तेव्हा वाटपताई घरी जाऊन बाबांच्या समोर बसली.

"बाबा, तिसरी तक्रार आली."

"कुणाची?"

"बाईंची."

"पहिल्या दोन?"

"त्याही बाईंच्याच."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे श्रोता एकच आहे, पण नियमित आहे."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये. चौथरा काढून घ्यावा लागेल."

"पोटची पोर अधिकारी आणि बाप रस्त्यावर," बाबा म्हणाले. ते हसले, पण ट्रंपेट पुसायचं फडकं त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. "नियम म्हणजे नियम. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतंस तसंच मला सांगितलंस, हे बरं केलंस."

"आणि हे घरात वाजणार नाही हं," आतून आई म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

वाटपताई रात्रभर त्या घडी केलेल्या फडक्याचाच विचार करत राहिली. बाबा भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं, तर साहेब कपाळाला हात लावून बसलेले. साहेब म्हणजे उद्यान विभागाचे प्रमुख. गवत हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तलावाकाठच्या मैदानावर त्यांनी पोटच्या पोरासारखं गवत वाढवलं होतं, आणि ते रानबदकं खात होती. दरवर्षी थोडी यायची, यंदा अख्खा थवाच उतरला होता. मोठाली, राखी, मस्तवाल. ती खायची आणि खाल्लेलं तिथेच टाकायची. चेंडू खेळणारी पोरं त्यावरून घसरून आपटत होती आणि पोरांच्या आया साहेबांना झोडत होत्या. साहेबांनी प्लास्टिकचं घुबड उभं केलं, तर बदकं त्याच्या सावलीत डुलक्या काढू लागली. एका रखवालदाराचा कुत्रा सोडून पाहिला. तो शेपूट घालून परत आला आणि दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही.

"हात टेकले मी ताई," साहेब म्हणाले. "पोरांचे सामने रद्द करावे लागणार."

वाटपताईने फळ्याकडे पाहिलं. तलावाकाठच्या मैदानाचा सकाळचा चौकोन रिकामा होता, कारण बदकांत उभं राहायला कोण येणार? आणि तिच्या हातात बँडचा चौकोन होता, त्याला जागा नव्हती.

"साहेब, बदकांना अचानक, मोठा, ओळखीचा नसलेला आवाज सहन होत नाही."

"फटाके लावू म्हणता?"

"नाही. बाबांना बोलावू म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला बँड उभा राहिला. बदकांनी माना वर केल्या, घुबडाकडे बघावं तशा तुच्छतेने बघितलं आणि पुन्हा चरू लागली. बाबांनी पायाने ठेका दिला. मावशींनी ड्रमवर पहिला दणका हाणला, डॉक्टरांचं क्लॅरिनेट भूल न देता दाढ उपटल्यासारखं किंचाळलं, त्यात ट्रंपेट आणि भोंगा एकदम घुसले. सगळं मैदान फडफडलं. अख्खा थवा आरडाओरडा करत उठला आणि तलावापलीकडे दिसेनासा झाला. पोरं कुंपणावर चढून टाळ्या पिटत होती. साहेबांनी तर शिंपीमामांना भोंग्यासकट मिठी मारली.

बाबा मात्र रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले. "आमचा पहिला जाहीर कार्यक्रम," ते म्हणाले, "आणि प्रेक्षागृह उठून गेलं."

"पण जागा मिळाली ना काका!" मावशी म्हणाल्या. "हाणा अजून एक!"

मग रोज सकाळी बँड वाजू लागला. बदकं यायची, बँड वाजायचा, बदकं जायची. पोरांचे सामने सुरू झाले. बाबा पहाटे उठून गुणगुणत दाढी करायचे. आई म्हणाली, लग्नात होतं तेवढं तेज आलंय यांच्या तोंडावर. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, आणि मग एक दिवस दोन बदकं गेलीच नाहीत.

पुढच्या आठवड्यात निम्मी बसून राहिली. त्यानंतर बँड वाजला की ती उलट जवळ सरकून चरू लागली. एक तर मावशींच्या ड्रमसमोर मान पंखात घालून झोपलं.

वाटपताईला कारण ठाऊक होतं. तोच आवाज रोज ऐकला आणि त्याने काही बिघडलं नाही, की कोणताही प्राणी त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. तिने हे बाबांना नीट समजावून सांगितलं.

"असेल," बाबा म्हणाले. "किंवा आम्ही सुधारलो असू."

"बाबा, बदकांना संगीत कळत नाही."

"आमच्याबद्दल तूही आधी हेच म्हणायचीस."

आणि खरं सांगायचं तर गाणं हल्ली एकत्र सुरू होऊन एकत्रच संपत होतं. मग बदकं थांबली ती सवयीने की सुराने? तिला राहवेना. तपासायचा मार्ग सोपा होता. तिने सकाळी बँडला सांगितलं, "आज पहिल्या दिवशी वाजवलं होतं तसं वाजवा."

"तसं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"वाईट."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी ठेका दिला. मावशींनी मुद्दाम चुकीच्या जागी दणका मारला, पण पुढचा दणका हात आपसूकच बरोबर जागी घेऊन गेला. शिंपीमामांनी डोळे मिटून भलतंच फुंकायचा प्रयत्न केला, तर बाबांनी त्याला असं सांभाळून घेतलं की ती जागा आधीपेक्षा गोड लागली. डॉक्टर मध्येच थांबून म्हणाले, "जमत नाही हो ताई. लाज वाटते." मैदानावर एका बदकाने सुद्धा मान वर केली नाही.

बाबा खो खो हसत सुटले. हसता हसता एकदम थांबले, कारण साहेब कुंपणापाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, वाजवता छान," साहेब म्हणाले. "पण मला गवत वाचवायचंय. ही वेळ मला धावणाऱ्यांच्या गटाला द्यावी लागेल. निदान ते पायांनी तरी हाकलतील."

"वाईट वाजवलं म्हणून चौथरा गेला," बाबा म्हणाले, "चांगलं वाजवलं म्हणून मैदान चाललं. आता मधलं काहीतरी वाजवायचं का?"

शिंपीमामांनी भोंगा गळ्यातून उतरवून गवतावर ठेवला. बाबांनी ट्रंपेट फडक्यात गुंडाळलं, आणि वाटपताईला वाटलं, आपण शोधलेली जागा आपणच हिसकावून घेतोय.

ती ऑफिसात पोहोचली तेव्हा खिडकीशी बाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री, ताठ मान. आता चौथी तक्रार कशाची, म्हणून ती आधीच दमली.

"तो बँड कुठे हलवलायस ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी रोज तलावाकडे फिरायला जाते."

"तिथूनही त्रास होतो का बाई?"

"मध्ये बोलू नये. मी तक्रार मागे घ्यायला आलेय. तिन्ही."

वाटपताईला खुर्ची द्यायचंही सुचलं नाही.

"माझी तक्रार बँडबद्दल नव्हती, बेसूरपणाबद्दल होती," बाई म्हणाल्या. "तो आता राहिला नाही. चिखलात उभं राहून ऐकायला माझे गुडघे दुखतात. घरासमोर चांगला चौथरा असताना मी एवढं का चालावं? त्यांना परत आण. आणि तुझ्या वडिलांना सांग, दुसऱ्या कडव्यात घाई करतात. बाकी पास."

"काठावर?"

"काठावर पास मी कुणालाच करत नाही."

तिने बाईंच्या डोळ्यांदेखत बँडचा चौकोन चौथऱ्याच्या ओळीत नेऊन चिकटवला. साहेबांना कळलं तेव्हा ते हसले आणि लगेच उसासा टाकला. "बँडचं भलं झालं. माझ्या बदकांचं काय?"

वाटपताई फळ्यापुढे उभी राहून बोलली, पण बोलणं आधी स्वतःशीच होतं. "ती सवयीने थांबोत की सुराने, दोन्हींवर औषध एकच आहे साहेब. नवशिके! नवशिक्यांचे दोन आवाज कधी एकसारखे येत नाहीत, मग सवय कशी होणार? आणि सुरात तर ते येतच नाहीत. बँडने मैदानावर शिकवणी घ्यायची. जो सुधारेल तो चौथऱ्यावर, त्याच्या जागी नवा."

साहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे विभागाला एक नवा कार्यक्रमही मिळाला. पण आधी करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मैदानावर जमले. शिकवणीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, त्यामुळे कधीही वाद्य न धरलेलं माणूस शोधणं आलं. साहेबांनी शाळेत बिगुल वाजवला होता, ते बाद. बाई पेटी वाजवत, त्याही बाद. हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकीकडे वळल्या.

"मी?" वाटपताई म्हणाली. "मी निरीक्षण करणारी आहे."

"उभा जन्म निरीक्षण केलंस," बाबा म्हणाले आणि ट्रंपेट तिच्या हातात दिलं. "ओठ घट्ट. गाल फुगवू नकोस. पोटातून."

तिने फुंकलं. नुसती हवा गेली. बदकं चरत राहिली. पोरं कुंपणावर खिदळली. "मेणबत्ती विझवतेस काय गं पोरी?" मावशी ओरडल्या. "जोरात!"

तिने डोळे मिटले, ओठ आवळले आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. ट्रंपेटमधून जे बाहेर पडलं त्याला नाव नव्हतं. घाबरलेल्या गाढवाचा आणि गंजलेल्या फाटकाचा आवाज एकत्र आल्यासारखं काहीतरी. शिंपीमामा दचकून मागे सरले. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंखच पंख उघडले, गवत वाऱ्याने पडलं, आणि थवा तिच्या डोक्यावरून ओरडत निघून गेला.

"गेली!" साहेब आनंदाने उड्या मारू लागले. "सगळी गेली!"

बाबा टाळ्या वाजवत होते. "वा! आता परत एकदा, हुबेहूब तसंच!"

तिने पुन्हा फुंकलं. या वेळी अगदीच वेगळा, पहिल्याहून भयंकर आवाज आला, आणि पाण्यावर उतरू पाहणारं शेवटचं बदक बेत बदलून सरळ पुढे निघून गेलं.