गस्तीच्या बोटीची ओटी

"आधी नारळ नव्हे बाईसाहेब, आधी हळद-कुंकू," बकुळा दोन हात लांबूनच म्हणाली.

मंत्र्यांच्या पत्नीने घाईघाईने नारळ ताटात परत ठेवला. नौदलाची नवी कोरी गस्तीची बोट करडा रंग लेवून उतरणीवर उभी होती आणि तिच्या पुढच्या टोकाला, नाळीला, कुंकू कुठे लावायचं हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. बकुळाने डोळे मिटून दाखवलं असतं. गोदीतली रीतच होती ती. बोट पाण्यात जायच्या आधी मोठ्या मिस्त्रीच्या बायकोने तिची ओटी भरायची, लेकीला सासरी धाडताना भरतात तशी. नऊ बोटींच्या ओट्या बकुळाने भरल्या होत्या. जानेवारीत दत्ताराम मिस्त्री गेले आणि दहाव्या बोटीला विधवेचा म्हणून तिचा हात चालेनासा झाला. पण रीत सांगायला तरी दुसरं कोण होतं? म्हणून गोदीवाल्या मेल्यांनी तिला बोलावलं, आणि ताटापासून लांब उभं केलं.

ती आली होती नवऱ्याच्या नावासाठी. आठवड्यापूर्वी गोदीचे साहेब तिच्या लालबागच्या खोलीवर आले होते. बरोबर राजाराम होता, मिस्त्रींच्या हाताखालचा सुतार. साहेब म्हणाले, भाषणात मिस्त्रींचं नाव घेऊ, बोट त्यांनीच बांधली असं सगळ्यांसमोर सांगू. फक्त पोलिसांच्या गोळीबाराचं काढायचं नाही. मंत्री येणार, बरं दिसत नाही. 'अल्पशा आजाराने' म्हणू.

लेक कांता ताडकन उठून गॅलरीत गेली. बकुळा मात्र "बरं" म्हणाली. दोन वर्षं माणूस या बोटीपायी तहानभूक विसरून राबला होता. पाळी सुटल्यावर नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा द्यायला थांबला काय, आणि घरी त्याचं मढं आलं काय! निदान नाव तरी लागू दे, असं तिला वाटलं.

"आता तांदूळ. आता खण," ती सांगत गेली. बाई मन लावून करत होत्या. वाईट नव्हत्या हो बाई.

"मिस्त्री तुमचेच यजमान ना?" त्यांनी हळूच विचारलं. "फार वाईट झालं. काय आजार होता त्यांना?"

साहेब चार पावलांवर भाषणाचा कागद घेऊन उभे होते. राजारामने डोळ्यांनीच खुणावलं. बकुळाच्या जिभेवर पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण तो मायेचा आवाज ऐकला आणि ते खोटं तिला बोलवेना.

"जानेवारीचा आजार, बाईसाहेब," ती म्हणाली. "लालबाग-परळात पुष्कळांना झाला. छातीला एक भोक पडतं, बस्स. तुमच्या यजमानांना विचारा, त्यांच्याच सरकारनं वाटला होता."

बाईंचा हात खणावरच राहिला. मग त्यांनी नारळ उचलून ओटीत ठेवला, नमस्कार केला आणि बकुळाकडे न बघता वळल्या.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावरची एक ओळ खोडली.

भाषण लांबलचक झालं. मंत्र्यांचं नाव आलं, नौदलाच्या अधिकाऱ्यांचं आलं, रंग पुरवणाऱ्या कंपनीचंसुद्धा आलं. दत्ताराम मिस्त्रींचं आलं नाही. मग बोट उतरणीवरून सरसर घसरली आणि पाण्यात नीट सरळ बसली. टाळ्या वाजल्या.

राजाराम तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"काय केलंत हे, वैनी? एक शब्द गिळला असतात तर आज नाव लागलं असतं मिस्त्रींचं."

"नाव त्यांचं लागलं असतं, भावोजी," बकुळा म्हणाली, "आणि मरण भलत्याचंच."

तिने पदर खोचला आणि फाटकाची वाट धरली.

"चला, कांता जेवायची थांबलीय."