तळ्याचं घड्याळ

मडमेनं पितळेची परात पुढं सरकवली, तशी रुख्मानं मान हलवली.

"नहीं मांगता? अच्छा परात है," मडम म्हणाली. मग तिनं शाल दाखवली, लोखंडी खाट दाखवली. रुख्मा नाहीच म्हणत राहिली.

एकोणीसशे अडतीसच्या थंडीत गोंदियाचा तो बंगला रिकामा होत होता. रेल्वेतला साहेब पेन्शन घेऊन विलायतेला निघाला होता. रुख्मानं बंगल्यात इतकी वर्षं झाडलोट केली, तर जाता जाता तिला आवडेल ती एक वस्तू तिनं न्यावी, असं मडमेनं आपणहून सांगितलं होतं.

रुख्मानं दिवाणखान्याच्या भिंतीकडे बोट केलं. "ते."

मडमेला जुन्या घड्याळांचा भारी नाद. भिंतभर घड्याळं होती. कोरीव लाकडाची, लांब लंबकाची, एकातून तर लाकडी पाखरू बाहेर येऊन ओरडायचं. रुख्मानं दाखवलेलं त्यातलं सगळ्यात साधं. काळपट लाकडाची पेटी, वर तबकडी. पण तबकडीखालच्या काचेवर कुणी हातानं तळं रंगवलं होतं. काठाला वाकलेलं झाड, पाण्यात दोन पांढरी पाखरं. रुख्माचं माहेर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या कुशीत. लग्न होऊन ती फुलचूरला आली, मागं आईबाप गेले, घर मोडलं, आणि त्या पाळीवर परत जायला काही कारणच उरलं नाही. बंगल्यातली घड्याळं पुसताना तिचा हात त्या काचेवर हटकून रेंगाळायचा.

"वो बार-बार बंद पडता," मडम हसून म्हणाली.

"पडू द्या."

"बाकी घड़ी जो सेठ लेता, उसको बोलेगी मैं." मडमेनं बंगल्याच्या चौकीदाराला, म्हाताऱ्या मंगरूला हाक मारली. त्यानं खिळ्यावरून घड्याळ उतरवलं, आणि मडमेनं ते आपल्या हातानं रुख्माच्या ओंजळीत दिलं.

रुख्माचा नवरा टिकाराम छोटेलाल सेठच्या धानगिरणीत हमाल होता. संध्याकाळी खाटेवर गोणपाटात गुंडाळलेलं घड्याळ पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"परात सोडून हे आणलंस? याले कोण खाते वो?"

"सारं खायसाठीच रायते काय?" रुख्मा म्हणाली. "मले पाहाले पाहिजे होतं. म्हणून आणलं."

मडमेची गाडी सुटली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सेठचा टांगा रुख्माच्या दारात येऊन थांबला. मागून मान खाली घालून टिकाराम चालत आला होता. सेठनं त्याला गिरणीतून उठवून सोबत घेतलं होतं.

छोटेलाल सेठ नवी हवेली बांधत होता. पोरीच्या लग्नात वऱ्हाडाचे डोळे दिपावेत म्हणून त्यानं बंगल्यातली सगळी घड्याळं बोलून ठेवली होती. बैठकीच्या चारी भिंतींवर साहेबाची घड्याळं, असं तो गावभर सांगत सुटला होता. आता त्यातलं एक कमी भरलं, आणि ते कुठं गेलं हे मडमेनं जाताना त्याला सांगितलं होतं.

"रुख्माबाई, घड़ी निकालो," सेठ अंगणातूनच म्हणाला. "उसके बदले गाय देतो. दुभती."

"गाय नाई पाहिजे."

"मग काय पाहिजे?"

"काईच नाई. मडमनं मले देलं, ते माहं हाये."

सेठ हसला. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, दारातली चूल यांवरून त्यानं नजर फिरवली. "अरे, मातीच्या भिंतीवर विलायती घड़ी! लोक हसतील तुला. ही चीज कुठं शोभते, काही समजतं का?"

"तुमच्या हवेलीत गर्दीत टांगली जाईल ते, सेठजी. माह्या घरी एकटं राईल. एकटंच बरं दिसते."

सेठचं हसू मावळलं. "मडम गेली. तिनं दिली याला गवाह कोण? मी म्हणतो चोरली. बुलाऊं पुलिस को?"

टिकाराम पुढं झाला. "देऊन टाक ना वो," तो हळूच म्हणाला. "कायले वाकड्यात जाऊन रायली? आपण कोण, ते कोण."

रुख्मा आत गेली. सेठला वाटलं, मामला मिटला. पण ती बाहेर आली ते पदर कमरेला खोचून आणि डोक्यावर चुंबळ ठेवून. घड्याळ दोन्ही हातांनी उचलून तिनं डोक्यावर घेतलं. गोणपाट तिनं आतच टाकलं होतं. काच उघडी होती.

"पोलिसाले काऊन बोलावता? मीच ठाण्यात जाऊन रायली. चला."

आणि ती चालू लागली.

फुलचूरहून गोंदियाच्या बाजारापर्यंत लोक दुकानातून उठून बघत होते. पाठीमागं सेठचा टांगा, त्याच्यामागं टिकाराम. "काय वो रुख्मा, काय नेऊन रायली?" बाया विचारत होत्या.

"सेठजी म्हणते, म्या चोरलं. मंग चोरीचा माल साऱ्यायनं पाहून घ्या!" ती मोठ्यानं सांगत होती. आयुष्यात तिचा आवाज कधी इतका चढला नव्हता. मान अवघडली होती, पण पाय काही थांबायचं नाव घेत नव्हते.

वाट बंगल्यावरून जात होती. फाटकाशी मंगरू बसला होता. सेठनं त्याला नव्या हवेलीवर चौकीदारी देऊ केली होती, हे रुख्माला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? आताही ती त्याच्याकडे न बघता पुढं गेली.

ठाण्यातल्या हवालदारानं सेठला खुर्ची दिली, सेठचं ऐकून घेतलं आणि मग रुख्माकडे वळला. "तुला दिली, तर साक्षीदार आण."

"साक्षीदार नाई. पण चोर असती तर बाजारातून वाजत-गाजत आली असती काय?"

"तोंड सांभाळ."

"तोंड सांभाळूनच इतके दिवस काढले, हवालदार साहेब. आता ठेवा मले आत. पण आपल्या तोंडानं म्या 'चोरलं' म्हणणार नाई, न् आपल्या हातानं हे देणार नाई."

हवालदार काही बोलणार, तोच दारातून खोकल्याचा आवाज आला. मंगरू काठी टेकत उभा होता. एवढं चालून त्याला धाप लागली होती.

"मडमनं देलन," तो म्हणाला. "आपल्या हातानं. खिळ्यावरून म्याच काढलो."

"मंगरू, सोच के बोल," सेठ म्हणाला.

"सोचूनच आलो, सेठजी. म्हणून उशीर झाला."

हवालदारानं एकदा सेठकडे पाहिलं, एकदा दारात जमलेल्या गर्दीकडे. भरल्या बाजारासमोर आता काही करता येण्यासारखं नव्हतं. सेठनंही ते ओळखलं. तो उठला.

"ठीक है, रख ले. लेकिन चाबी बाकी घड़ियों के साथ मेरे पास आयी है, ती मिळणार नाही. चाबीशिवाय नुसतं लाकूड आहे ते."

"राहू द्या तुमच्यापाशी," रुख्मा म्हणाली. "माह्या घरी कोणाले आगगाडी पकडायची हाये?"

गर्दीत हशा पिकला. सेठचा चेहरा लाल झाला. टांग्यात चढता चढता तो टिकारामला म्हणाला, "तू कल से मिल पर मत आ." मग मंगरूकडे बघून, "आणि तूही हवेलीचं विसर."

येताना घड्याळ टिकारामनं घेतलं. तो पुढं चालत राहिला. रुख्माला वाटत होतं, घरी गेल्यावर बोलेल. बोलू दे, त्याचा हक्क आहे. सेठ काय करील हे तिला सकाळीच कळलं होतं, आणि तरीही ती निघाली होती. त्याबद्दल क्षमा मागावी असं तिला वाटेना, आणि वाटत नाही याचंही वाईट वाटेना.

घरी आल्यावर तिनं पांढरी माती भिजवली आणि मागच्या खोलीची भिंत पोतारायला घेतली. तिथं घड्याळ लावलं म्हणजे टिकारामच्या डोळ्यांसमोर सारखं येणार नाही.

"तिकडं काऊन?" टिकाराम उंबऱ्यातून म्हणाला. "अंधारात काय दिसते?"

ती हात थांबवून बघत राहिली.

"दारासमोर लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसू दे."

"तिथं खिळा एकच हाये."

टिकाराम दारासमोरच्या भिंतीपाशी गेला. त्या एकुलत्या खिळ्याला त्याची पोती उचलायची लोखंडी आकडी लटकत होती; बापाच्या हातची, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. त्यानं ती काढली, क्षणभर हातात तोलली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. मग दोन्ही हात धोतराला पुसले आणि घड्याळ उचललं.