रंध्याची भाकर

मी जामाच्या झाडाचा एक वाकडा तुकडा बोलतोय. शहरात ज्याला पेरू म्हणतात, त्याला आमच्या शिवारात जाम म्हणतात. सध्या माझा मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या एका घराच्या शोकेसमध्ये आहे. अंगावर पॉलिश आहे, खाली हिरवं मखमली कापड आहे. घरी येणारा पाहुणा मला बोट लावून म्हणतो, "काय सुंदर आहे हो." मी ऐकून घेतो. मला सुंदर व्हायचं नव्हतं. मला थोडं थोडं संपायचं होतं. ते कसं राहून गेलं, ते सांगतो.

आमचं झाड गंगापूरकडच्या एका मळ्यात, विहिरीच्या कडेला होतं. पुंजाराम आबांनी ते लावलं होतं. दुपारी ते बैल माझ्याच फांदीला बांधत. दाव्याचा काच लागून माझ्या अंगावर एक खोल वळ पडला, तो अजून आहे. पुढे विहीर तळाला गेली आणि झाड उभ्यानं वाळलं. आबा काही ते तोडू देईनात. "पुढल्या साली फुटंल," म्हणायचे.

आवडाबाई आजी म्हणाल्या, "फुटायचं असतं तर तुमचं बोलणं ऐकूनच फुटलं असतं. तोडा आता."

मग आम्ही गोठ्यामागे रचले गेलो आणि चुलीत जायची वाट पाहू लागलो.

तिथून मला उचललं ऋतुराजनं. तो आबांचा नातू. सुट्टीत गावी आला होता. त्यानं माझ्यावर नख ओढून पाहिलं, वास घेतला, झाडावर कधी औषध फवारलं होतं का ते आजीला विचारलं. शहरात नेऊन त्यानं माझी साल काढली, मला मोठ्या पातेल्यात उकळलं आणि बादलीत दगडाखाली दाबून ठेवलं. वाळलेलं लाकूड तरंगतं. बुडायला मला बरेच दिवस लागले. बुडालो तेव्हा त्यानं मला हॉलमधल्या काचेच्या टाकीत ठेवलं.

टाकीत एक मासा होता. करडा रंग, त्यावर काळे पट्टे, लाल डोळे, आणि तोंड पोटाच्या बाजूला. दुकानदार त्याला प्लेको म्हणायचा. दुसरे प्लेको काचेवरचं शेवाळ खातात, हा लाकूड खाणाऱ्या जातीचा. पहिल्या दिवशी तो माझ्या पोकळीत शिरला आणि दुसऱ्या दिवसापासून मला खरवडू लागला. कर्र, कर्र. सुताराच्या रंध्यासारखा आवाज. म्हणून ऋतुराजनं त्याचं नाव रंधा ठेवलं.

तुम्हाला वाटेल, मला दुखलं असेल. नाही. चुलीत मी एका सकाळीच संपलो असतो. इथं कुणीतरी रोज माझा थोडा भाग घेऊन वाढत होतं. माझी फळं खाऊन पोरं वाढली तेव्हाही असंच वाटायचं.

मग ऋतुराज शिकायला पुण्याला गेला. जाताना त्यानं धाकट्या बहिणीला, श्रेयाला, टाकीजवळ बसवलं. श्रेया नववीत होती. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत जायचा नाही.

"बाकी काही विसरलीस तरी चालेल," तो म्हणाला, "पण हे लाकूड काढायचं नाही. ते त्याचं जेवण आहे. पाणी तांबूस होईल, होऊ दे. नळाचं पाणी थेट टाकू नको, एक दिवस बादलीत ठेवून मग टाक. आणि आठवड्यातनं काकडी, दोडका देत जा."

श्रेयानं मान हलवली. त्या घरात मान हलवणं हीच तिची भाषा होती.

ती सगळं नीट करायची. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, तरी रंध्याची बादली आधी भरायची. तळाशी साचलेला भुसा नळीनं ओढून घ्यायची. पण हे ती का करते, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, हा काच चाटून जगणारा मासा आहे.

दिवाळीआधी आबा आणि आजी राहायला आले. पाचोडहून आबांचे पुतणे, काकासाहेब, रविवारी जेवायला येणार होते. श्रेयाची आई, मंजुषाताई, हॉल आवरत होत्या.

"आबा, तेवढं लाकूड काढता का हो?" त्या म्हणाल्या. "पाणी बघा कसं चहासारखं झालंय. पाहुणे म्हणतील, टाकी धुतच नाहीत."

श्रेया शाळेत परीक्षेला गेली होती. आबांनी बाही वर करून मला बाहेर काढलं. अंगठा माझ्या वळावरून फिरला आणि थांबला.

"मंजुषा," ते हळूच म्हणाले, "हा आपल्या विहिरीवरचा जाम हाय. हा बघ, दाव्याचा वळ. शिंग्या बांधायचो मी इथं."

ते मला मांडीवर घेऊन बसले. मग त्यांना दातांचे ओरखडे दिसले. "आन हा मासा उंदरावानी कुरतडून ऱ्हायलाय की. असंच चाललं तर निसता भुसा ऱ्हाईल."

आबांनी मला दुपारपर्यंत गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. गुलमंडीच्या बाजारातून व्हार्निस आणलं. सँडपेपरनं घासून माझ्यावरचा एकेक ओरखडा पुसला आणि व्हार्निसचा पहिला हात दिला. तो वाळला की दुसरा द्यायचा होता. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. आणि ब्रशच्या प्रत्येक फेरीसरशी माझी एकेक नस बंद होत होती. टर्पेंटाईनचा उग्र वास माझ्यात खोल मुरत होता. मला एवढंच कळत होतं की हे घेऊन मी पाण्यात गेलो, तर रंध्याचं काही खरं नाही.

शाळेतून आल्या आल्या, मी टाकीत नाही हे पाहून, श्रेया धावत गच्चीवर आली. दप्तर पाठीवरच होतं.

"बघ," आबा म्हणाले. "आता शंभर वरसं काय होत नाय याला. रविवारी काकासाहेबासमोर टाकीत सोडू. कसंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. आबांच्या बोटांना लागलेल्या पॉलिशकडं पाहिलं. ओठ हलले.

"छान झालंय, आबा," ती म्हणाली.

मला तिथंच चिरून टाकल्यासारखं झालं.

त्यानंतर ती रोज शाळेतून आली की गच्चीवर यायची. माझा वास घेऊन पाहायची आणि माझ्याशी बोलायची, कारण मी उलटं काही विचारत नाही. "रंधा पंपामागे लपतोय. दोडका चमच्याला बांधून दिला, थोडा खरवडला आणि सोडला. पोट आत गेलंय त्याचं. दादाचा फोन लागत नाहीये. आबांना कसं सांगू? ते आजीला सांगत होते, झाड परत मिळालं म्हणून."

रविवार उजाडला. काकासाहेब मोठ्या आवाजात आले, जेवले, आणि सोफ्यावर टेकले. आबांनी मला टॉवेलात गुंडाळून आणलं आणि सगळ्यांसमोर उघडलं.

"वा, आबा," काकासाहेब म्हणाले. "दुकान टाका की आता. सागवान झक मारंल."

"आपल्या विहिरीवरचा जाम हाय," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी टाकीचं झाकण काढलं.

पाणी स्वच्छ होतं. काचेसारखं. रंधा मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीला चिकटून होता. त्याचे पंख अंगाला मिटलेले होते. मी पाण्यावर आलो. खालून माझंच चकाकणारं प्रतिबिंब वर येताना दिसलं. मला ओरडता येत असतं तर त्या दिवशी सिडकोभर ऐकू गेलं असतं.

आबांच्या मनगटावर एक हात आला. लहान, गार हात.

"नका टाकू, आबा."

मग काकासाहेब हसले. "मंजुषा, ही बोलती व्हय? मला वाटलं, तुमच्याकडं एक मासा काचेत हाय आन एक बाहेर."

श्रेयाचे कान लाल झाले. हात मात्र तिनं काढला नाही.

"काय झालं गं?" मंजुषाताई म्हणाल्या. "आबांनी चार दिवस खपून केलंय ते."

"तो लाकूड खातो," श्रेया म्हणाली. "कुरतडत नव्हता. जेवत होता. हे काढल्यापासून तो उपाशी आहे. आणि आता हे टाकलं तर पॉलिश पाण्यात उतरेल. तो मरेल, आबा."

"लाकूड खातो," काकासाहेब म्हणाले. "मंग मासा हाय का वाळवी?"

कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी मला टॉवेलवर ठेवलं. "दाव मला," ते म्हणाले.

श्रेयानं दोडक्याची चकती काचेजवळ धरली. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. काकासाहेबांनी घड्याळ पाहिलं. मंजुषाताईंनी पदर बोटाला गुंडाळला. बऱ्याच वेळानं रंधा नळीवरून सुटला, सावकाश पुढं आला आणि समोरच्या काचेला चिकटला. त्याचं पोट आमच्याकडं झालं.

आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांनी जन्मभर जनावरं पाहिली होती. पोट खपाटीला गेलेलं जनावर त्यांना बांधावरून ओळखू यायचं.

"कूस बसली याची," ते म्हणाले. मग तसेच वाकून राहिले. "म्हंजी म्या याची भाकर रंगवून ठिवली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आबा. मी सांगायला पाहिजे होतं."

"परत घासून काढलं तर?"

"आत मुरलंय ते."

आबांनी माझ्या वळावर अंगठा ठेवला. त्यांना माझ्याकडं पाहवत नव्हतं, आणि नजरही काढवत नव्हती. मग ते आजीकडं वळले.

"गोठ्यामागं याच झाडाचं बूड ऱ्हायलंय का गं?"

"हाय," आजी म्हणाल्या. "दिवाळीच्या आंघोळीचं पाणी तापवायला ठिवलंय मी. तुम्ही काय ते जाळू देता व्हय? दोनदा चुलीपुढनं उचलून नेलंय."

"ह्या वक्ताला नाय नेत," आबा म्हणाले. "ते खाऊ दे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गावी गेले. परत यायला उशीर झाला. दिवसभर श्रेया टाकीपाशी काकडी बदलत बसली होती, आणि तोवर शोकेसमध्ये ठेवलेला मी काचेतून दोघांना पाहत होतो. संध्याकाळी आबा पोतं खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. आत बुडाचा एक चांगला जाड तुकडा होता. माझाच भाऊ. झाडाची शेवटची फळं त्याच्याच पायाशी पडायची.

त्याला उकळायला आजींनी आंघोळीचं पातेलं दिलं. "माशाच्या सैपाकाला आता माझी भांडी," असं म्हणत त्यांनीच गॅस मोठा केला. तो तरंगत होता, म्हणून आबांनी त्याला शहाबादी फरशीच्या तुकड्यावर नायलॉनच्या दोरीनं बांधलं आणि पाण्यात सोडलं.

पहिल्या दिवशी रंधा त्याच्याकडं फिरकला नाही. आबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसून राहिले. चहा निवला. कुणी टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वीज गेली. पंप थांबला आणि घर एकदम गप्प झालं. तेव्हा ऐकू आलं.

कर्र. मग थोडं थांबून, कर्र, कर्र.

"खातोय," श्रेया म्हणाली. या वेळी तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. टाकीतलं पाणी पुन्हा तांबूस आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मंजुषाताईच सांगतात, "ते घाण नाही हो, लाकडाचं आहे." रंध्याचं पोट भरलंय. भाऊ एका बाजूनं बारीक होत चाललाय. आबा आले की आधी त्याला पाहतात, मग कापडानं मला पुसतात. माझ्यावर धूळ बसलेली त्यांना चालत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी असा मासा असेल, तर त्याच्या पाण्यातलं लाकूड काढू नका. त्याला रंग लावू नका. ते झिजताना दिसलं, तर वाईट वाटून घेऊ नका. आणि घरात हळू बोलणारं कुणी असेल, तर टीव्ही जरा बारीक करा.

मी शंभर वर्षं टिकेन, असं आबा म्हणतात. टिकेनही. रोज संध्याकाळी टाकीतला दिवा मालवला की आवाज सुरू होतो, आणि मी इथं मखमलीवर बसून आमचं झाड कुणाच्या तरी पोटात जाताना ऐकत राहतो.