विमलाचं गाऱ्हाणं

विमलाची चौथी केमो गुरुवारी कोल्हापूरला होती, आणि वाडीच्या तोंडावर गंगारामने माडाच्या खोडाचा सोट आडवा टाकला होता. वीस सालचा जुलै. तोंडवलीच्या अलीकडच्या या वाडीत तोवर करोनाचा एकही रोगी नव्हता. समिती मात्र होती, समितीला अध्यक्ष होता, आणि शिट्ट्या फुंकायला तिघे होते. अध्यक्ष गंगाराम. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा आपटलेल्या माणसाच्या हाती एकदाचा अधिकार आला, तो सोडतो होय?

विमला मासे विकणारी. तिसऱ्या केमोनंतर परतली तेव्हा याच समितीने तिला चौदा दिवस शाळेत डांबलं. तोंड आतून सोललेलं, पेजसुद्धा गिळवत नव्हती, आणि माणसं ताट शाळेच्या दगडी गडग्यावर ठेवून पळत सुटत. वीस वर्षं ज्यांच्या दारात तिने ताजे बांगडे पोचवले, त्यांनीच तिचं टक्कल बघून ठरवलं, करोनानेच केस गेले. विमलाने एकेकाचं तोंड लक्षात ठेवलं. क्षमाबिमा तिच्या स्वभावात नव्हती, आणि आजाराने ती काही आपोआप आली नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "बाई, तारीख चुकवू नका. गाठ आत्ता कुठे लहान व्हायला लागलीय." नवऱ्याने, बाळाने, तालुक्याला खेटे घालून पास आणला. गंगारामने तो लांबूनच वाचला.

"सरकार थंय मालवणात. हय गाव आसा," तो म्हणाला. "ह्या टायमाक देवाक विचारूया."

बुधवारी सकाळी देवळात कौल लावला. देऊळ सगळ्यांना बंद, पण समितीला उघडं. पंधरा-वीस माणसं हातभर अंतर सोडून उभी राहिली, तोंडं बांधून. विमला तेवढी खांबाला टेकून बसली होती, शेजारी बाळा. गुरवाने देवाच्या अंगावर डावीउजवीकडे फुलांचे कळे चिकटवले. प्रश्न गंगारामने घातला, "बाई भायर जावन इली तर गावाक धोको आसा काय?" असं विचारल्यावर देव तरी काय करणार! उजवा कळा पडला. म्हणजे आहे. गंगारामने असा चेहरा केला, जसं काही त्याला फार वाईट वाटतंय.

बाळाने मान खाली घातली. विमलाला त्याचा सगळ्यात जास्त संताप आला. मग ती उठली, डोक्याचा पदर काढला आणि तुळतुळीत डोक्याने सरळ देवासमोर जाऊन उभी राहिली. गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवापाशी मागणं, घालायचं ते गावचा घाडी असलेल्या भाईने, तो मान त्याचा. बाईने ते आजवर घातलं नव्हतं. भाई तोंड उघडायच्या आत ती सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गाव तुझ्या पायाकडे जमलोहा..."

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली. लहानपणापासूनची जिभेची सवय. गाऱ्हाण्यात कोण थांबला की गाव हुंकार देतो, कुणी विचार करत नाही.

"बाळाची बायल विमला दुखण्यान गांजलीहा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिका औषदाक जावक होया..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तिची वाट अडवीत, त्याच्या घरात ह्याच दुखणा येवं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज गंगारामचा होता. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. विमलाने पदर घेतला आणि कुणाकडे न बघता घरी गेली. तिने ते मनापासून मागितलं होतं, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

गुरुवारी उजाडता भाड्याची गाडी निघाली तेव्हा शिट्टी वाजली नाही. सोट बाजूला करायला खुद्द गंगाराम आला होता. गाडी पुढे सरकणार इतक्यात त्याची बायको सत्यवती धावत आली आणि खिडकीला धरून उभी राहिली.

"वयनी, ता गाऱ्हाणा मागे घे गो."

"कित्याक घेव?" विमला म्हणाली. "माका शाळेत घातल्यानी तेव्हा तू खंय होतंस?"

सत्यवतीने नवऱ्याकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला. "माझ्या छातयेत गाठ आसा. दोन महिने झाले. तुझे हाल बघलंय, म्हणान कोणाकच सांगूक नाय."

विमलाच्या मनात पहिलं आलं ते एकच, बरं झालं. ते खरं होतं आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. पण दोन महिने! हिला कुणी तारीखसुद्धा दिलेली नव्हती.

"डायवर सोडून पास दोघांचोच आसा," ती म्हणाली. "बाळा, तू उतर."

बाळा उतरला. सत्यवती आत बसली, पायात चप्पलसुद्धा नव्हती. गंगाराम बाजूला ओढलेला सोट तसाच टाकून धावत आला. "गे, तू खंय चललंस? भायर गेलंस तर परत येवक मिळाचा नाय!"

सत्यवतीने काच वर केली.